धुळीतून येणारं ऊन

मैत्रिणींनो, कुरडया वाळत घातल्या की एखाद्या दिवशी ऊन फिकं पडतं. आभाळात ढग नसतो, तरी सूर्य पांढुरका दिसतो. आपण म्हणतो, आज धुळकट आहे. २०२२च्या जानेवारीत पाकिस्तानच्या बाजूने अरबी समुद्रावरून अशीच धूळ मुंबईवर आली. गाड्यांवर पांढरट थर बसला आणि भरदुपारी गारवा जाणवला. ही धूळ ऊन किती अडवते आणि पावसाचं काय करते, हे माणसाने कसं शोधलं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

सुरुवात पुण्यापासून करू. १९४८मध्ये अ‍ॅना मणी तिथल्या हवामान खात्यात रुजू झाल्या. त्याआधी बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे-माणकांच्या प्रकाशावर काम केलं होतं. प्रबंध तयार होता, पण एम.एस्सी. नाही म्हणून विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही! पुण्यात त्यांनी हवामानाच्या सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे पक्के केले, म्हणजे ती देशातच बनावीत. पुढे १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात देशभर ऊन मोजणारी केंद्रं उभी केली. ऊन मोजलं की हवा किती गढूळ आहे तेही कळतं, आणि त्या गढूळपणावरही त्यांनी सहकाऱ्यांसह लिहिलं. आमच्या मते या गोष्टीतलं सगळ्यात कष्टाचं काम हेच. रोजच्या नोंदीशिवाय पुढचं गणित म्हणजे नुसता अंदाज.

त्याच सुमारास अमेरिकेतले रीड ब्रायसन एका कोड्यात पडले होते. पावसाळ्यात राजस्थानच्या वाळवंटावरची हवा चांगली दमट असते, मग पाऊस का पडत नाही? १९६७मध्ये डेव्हिड बेअरिस यांच्यासोबत त्यांनी उत्तर मांडलं, की हवेतली धूळ वरची उष्णता बाहेर टाकते. त्यामुळे तिथली हवा गार होऊन खाली बसते. खाली बसणाऱ्या हवेत ढग वाढत नाहीत. पाऊस नाही म्हणून गवत नाही आणि गवत नाही म्हणून आणखी धूळ, असं ते चक्र. उपाय काय, तर चराई आवरा आणि गवत वाढवा. (पहिलं बोट शेळ्यांवर, म्हणजे शेळ्या राखणारांवर!) गवताने माती धरून ठेवते हे खरंच, पण सगळा पाऊस धुळीनेच अडवला, हे त्यातून सिद्ध होत नव्हतं.

पुढे संगणक आले. पृथ्वीभोवतीची हवा चौकोनी खणांत वाटायची. प्रत्येक खणात वारा, वाफ, ऊन आणि धूळ यांचा हिशेब ठेवायचा. मग तेच गणित एकदा धूळ घालून आणि एकदा काढून करायचं. खऱ्या आभाळावर असा प्रयोग करता येत नाही. यालाच मॉडेल म्हणतात.

२०१४मध्ये भुवनेश्वर आयआयटीचे व्ही. विनोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या नोंदी आणि असं मॉडेल दोन्ही वापरून वेगळंच चित्र दाखवलं. पश्चिम आशियातली धूळ अरबी समुद्रावर असते, तेव्हा ती ऊन शोषते आणि तिथली हवा तापते. तापलेली हवा वर जाते, नैर्ऋत्येचे दमट वारे जोर धरतात, आणि आठवडाभरात मध्य भारतात पाऊस वाढतो. म्हणजे १९६७मध्ये जी धूळ पावसाची वैरीण ठरली होती, तीच इथे त्याला बोलावणारी निघाली.

असं का? धूळ ऊन परतवते आणि शोषतेही. तांबूस, लोहयुक्त धूळ जास्त शोषते, फिकट धूळ जास्त परतवते. ती किती उंचीवर आहे आणि खाली समुद्र आहे की तापलेली वाळू, यावरही परिणाम ठरतो. म्हणून धुळीचा रंग आधी मोजायला हवा. २०२२च्या जुलैमध्ये नासाने ‘एमिट’ नावाचं उपकरण अंतराळ स्थानकावर पाठवलं. ते वाळवंटांच्या जमिनीतली खनिजं वरून ओळखतं, आणि कुठली धूळ तांबडी, कुठली फिकी, याचे नकाशे आता त्यातून तयार होत आहेत.