शिबिर, मुलांचे निवासी

शिबिर, मुलांचे निवासी : शाळेच्या सुटीत, विशेषतः उन्हाळी सुटीत, मुलांनी आईवडिलांपासून दूर एका ठिकाणी काही दिवस एकत्र राहून जाणत्या मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली घालविलेले सामुदायिक जीवन. ‘शिबिर’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ सैन्याचा तळ असा असून मराठीत ‘छावणी’ हा शब्दही त्याच अर्थाने रूढ आहे. पहाटेची शिट्टी, ध्वजवंदन, गटनायक, रांगेने चालणे यांसारख्या मुलांच्या शिबिरातील अनेक प्रथांत हा सैनिकी उगम अद्यापि दिसतो. तथापि शिबिराचा हेतू लष्करी नसून मुलाला स्वावलंबनाची व इतरांसमवेत राहण्याची सवय लावणे हा असतो.

उगम व विकास : आधुनिक निवासी शिबिरांचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोप व अमेरिका येथे झाला. औद्योगिकीकरणामुळे शहरांत दाट वस्ती झाली आणि मुलांना मोकळी हवा मिळेनाशी झाली, हे त्यामागील प्रमुख कारण होय. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील शिक्षक फ्रेडरिक गन यांनी १८६१ मध्ये आपल्या शाळेतील मुलांना पायी समुद्रकिनारी नेऊन सुमारे दोन आठवडे तेथे तंबूत ठेवले. यादवी युद्धाच्या वातावरणात मुलांना सैनिकांप्रमाणे राहण्याची हौस वाटू लागली होती. हे सामान्यतः अमेरिकेतील पहिले उन्हाळी शिबिर मानले जाते. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकचे धर्मोपदेशक हेर्मान व्हाल्टर बिओन यांनी १८७६ मध्ये गरीब कुटुंबांतील ६८ मुलामुलींना ॲपेन्झेलच्या डोंगराळ प्रदेशात नेले. या उपक्रमाचे अनुकरण पुढे यूरोपातील अनेक देशांत झाले. अर्नेस्ट बाल्च यांनी १८८१ मध्ये न्यू हँपशरमधील एका सरोवरातील बेटावर काढलेल्या शिबिरात याच्या उलट विचार होता. तेथे येणारी मुले धनिकांची होती आणि नोकर न ठेवता स्वयंपाक व धुणीभांडी त्यांनाच करावी लागत. गरीब मुलाला विश्रांती आणि श्रीमंत मुलाला श्रम, असे शिबिराचे दोन वेगळे हेतू प्रारंभीच स्पष्ट झाले होते.

हे दोन वर्ग एकत्र आणण्याचा महत्त्वाचा प्रयोग रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर केला. उच्चभ्रू शाळांतील व कामकरी कुटुंबांतील सुमारे वीस मुलांचे त्यांनी मिश्र गट पाडले आणि त्यांना आठवडाभर एकत्र ठेवले. त्यातूनच बालवीर चळवळ जन्मास आली [⟶ बालवीर चळवळ]. गटपद्धती, गटनायकावर सोपविलेली जबाबदारी व रात्रीची शेकोटी ही आजच्या शिबिरांतील अंगे बव्हंशी या चळवळीची देणगी होय.

भारतात १९०९ पासून बालवीर पथके निघू लागली. परंतु प्रारंभी ती यूरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच मर्यादित होती. भारतीय मुलांना त्यांत स्थान नसल्याने ॲनी बेझंट यांनी मद्रासमध्ये आणि १९१८ मध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनी उत्तर भारतात स्वतंत्र संघटना स्थापन केल्या. या विविध प्रवाहांचे ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ या संघटनेत एकीकरण झाले. राष्ट्रीय छात्रसेनेच्या (स्थापना १९४८) वार्षिक शिबिरांमुळे निवासी शिबिर माध्यमिक शाळांतील मुलामुलींच्या परिचयाचे झाले.

महाराष्ट्रातील परंपरा : महाराष्ट्रात शिबिराचे बीज मोकळ्या हवेच्या गरजेतून रुजले नाही; ते राष्ट्रीय चळवळ व समाजसुधारणा यांतून रुजले. ना. सु. हर्डीकर यांचे हिंदुस्थानी सेवा दल (१९२३) व नागपूर येथे १९२५ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय स्वयंसेवक संघ यांनी शिबिर हे संघटनेचे व प्रशिक्षणाचे साधन म्हणून वापरले. १९४१ मध्ये पुणे येथे एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली नव्याने संघटित झालेल्या राष्ट्र सेवा दलाने जातिधर्मनिरपेक्ष सहजीवनावर विशेष भर दिला. मुलगे व मुली यांनी एकत्र खेळणे, गाणी म्हणणे, श्रमदान करणे आणि सर्व जातींच्या मुलांनी एका पंगतीत जेवणे, हा सेवा दलाच्या शिबिरांचा गाभा होता.

या परंपरेवर ⟶ साने गुरुजी यांचा ठसा उमटलेला आहे. अमळनेर येथील प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असताना ते तेथील छात्रालयही सांभाळत. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे ही कामे ते स्वतः करीत आणि त्यांच्यासाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढीत. घरापासून दूर आलेल्या मुलाला आधी माया मिळाली पाहिजे, शिस्त त्यामागून येते, हा धडा या छात्रालयाने घालून दिला. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी मे १९४७ मध्ये उपोषण केले. मुलांवरील प्रेम व समतेचा आग्रह या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी एकच होत्या. त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने रायगड जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यात वडघर येथे उभारलेल्या राष्ट्रीय स्मारकात मुलांची व युवकांची निवासी शिबिरे भरतात.

महाड परिसर : माणगावला लागून असलेल्या महाड तालुक्यात सहभोजन व समान पाणी यांना विशेष अर्थ आहे. महाड येथे मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेच्या वेळी जमलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते, कारण गावातील पाणवठे त्यांना खुले नव्हते. २० मार्च रोजी चवदार तळ्याच्या पाण्याला स्पर्श करून त्यांनी आपला हक्क बजावला. तळ्याविषयीचा न्यायालयीन निर्णय मात्र १९३७ साली लागला. ज्या भूमीत ओंजळभर पाण्यासाठी एवढा लढा द्यावा लागला, तेथे मुलांनी एकाच पिंपातून पाणी घेणे ही शिबिराच्या दिनक्रमातील साधी बाब राहत नाही.

महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यातील तुडीलसारख्या गावाकडून पाहिल्यास शिबिराच्या पाश्चात्त्य कल्पनेची मर्यादाही ध्यानात येते. डोंगर, पाणी, आंबे, करवंदे व चांदण्यांनी भरलेले आकाश यांसाठी शहरातील मूल शिबिराला जाते. येथील मुलाला ती घराच्या अंगणातूनच लाभतात. मे महिन्यात मुंबईकर चाकरमानी मुलाबाळांसह गावी येतात. आजोळी वा गावच्या घरी काढलेली ही सुटी म्हणजे कोकणी मुलांचे एक प्रकारचे शिबिरच होय. तथापि त्या सुटीतील सोबती आपल्याच भावकीतील, वाडीतील वा मोहल्ल्यातील असतात. अनोळखी गावच्या, वेगळ्या जातीच्या किंवा धर्माच्या मुलाशेजारी अंथरूण पसरण्याचा प्रसंग तेथे सहसा येत नाही. तो अनुभव निवासी शिबिर देऊ शकते. कोकणातील मुलाच्या दृष्टीने शिबिराची खरी देणगी निसर्ग नसून हा नवा सहवास होय.

दिनक्रम : महाराष्ट्रातील शिबिरे बहुधा आठवडाभराची असतात, अमेरिकेत ती कित्येक आठवडे चालतात. कोकणात पाऊस जूनच्या पूर्वार्धात सुरू होत असल्याने येथील शिबिरे मुख्यतः मे महिन्यात व दिवाळीच्या सुटीत घेतली जातात. पहाटे उठणे, प्रार्थना, व्यायाम व परिसराची सफाई यांनी दिवसाची सुरुवात होते. न्याहारीनंतर श्रमदान, हस्तकला, गोष्टी किंवा चर्चा असे कार्यक्रम होतात. दुपारच्या उन्हाच्या वेळी विश्रांती किंवा वाचन असते. सायंकाळी खो-खो, लंगडी, लेझीम आदी खेळ, तर रात्री गाणी, नकला, आकाशदर्शन व शेकोटी असा क्रम असतो. वाढप, भांडी घासणे व पाणी भरणे ही कामे गटांकडे पाळीपाळीने येतात. आपले ताट आपण धुणे व अंथरूण आपण आवरणे हे नियम सर्वांना सारखेच असतात. घरी ही कामे बहुधा मुलींकडेच असतात. त्यामुळे हा नियम मुलग्यांना अनेकदा नवा वाटतो. रायगडासारख्या किल्ल्याची चढण किंवा जवळपासची पदभ्रमंती हा शिबिरातील एका दिवसाचा कार्यक्रम असू शकतो.

घरची आठवण : शिबिरातील मुलांना घरची आठवण येणे ही अपवादात्मक गोष्ट नव्हे. बहुसंख्य मुलांना ती थोडीफार येते, असे अमेरिकेतील निवासी शिबिरांच्या अभ्यासात दिसून आले आहे. दुःखाची तीव्रता मात्र थोड्यांच्याच वाट्याला येते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, जाण्याच्या निर्णयात मुलाला सहभागी करून घेतल्यास आणि आधी काही रात्री नातेवाइकांकडे राहण्याचा सराव दिल्यास हा त्रास कमी होतो. ‘नाही आवडले तर लगेच घेऊन येऊ’ असे वचन आईवडिलांनी देऊ नये, कारण त्यामुळे मूल नव्या जागी रुळण्याऐवजी सुटकेचीच वाट पाहते. रडणाऱ्या मुलाची थट्टा न करता त्याला कामात व खेळात ओढून घेणे, हा अनुभवी मार्गदर्शकांचा उपाय आहे. अंथरूण ओले करणाऱ्या मुलाची लाज राखणे हीसुद्धा मार्गदर्शकाची कसोटीच होय.

सुरक्षितता : देखरेखीच्या दृष्टीने मार्गदर्शक व मुले यांचे प्रमाण महत्त्वाचे ठरते. अमेरिकन कँप असोसिएशनच्या मानकांप्रमाणे निवासी शिबिरात ६ ते ८ वर्षांच्या सहा मुलांमागे आणि ९ ते १४ वर्षांच्या आठ मुलांमागे किमान एक मार्गदर्शक असावा लागतो. उकळलेले वा निर्जंतुक पाणी, प्रथमोपचार, नजीकच्या दवाखान्याशी संपर्क, नदी, तळी व खाडी यांपासूनची काळजी आणि सर्पदंशाविषयीची दक्षता या बाबी कोकणात विशेष आवश्यक आहेत. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा अधिनियम (२०१२) शिबिरातील मुलांनाही लागू असून अत्याचाराची माहिती दडविणे हा त्यानुसार गुन्हा ठरतो. संस्थेची ख्याती हा सुरक्षिततेचा पुरावा मानता येत नाही. मुलाला कोणाकडे व कशी तक्रार करता येईल, हे पालकांनी आधीच विचारून घेणे इष्ट होय.

मूल्यमापन : एकविसाव्या शतकात व्यक्तिमत्त्वविकास, साहस, इंग्रजी संभाषण अशा विषयांची शुल्क आकारणारी शिबिरे वाढली. त्यांतून मुलांना नवी कौशल्ये मिळतात. परंतु जेथे शुल्क जास्त तेथे सारखी ऐपत असलेल्या घरांतीलच मुले एकत्र येतात आणि शिबिराचा मूळ सामाजिक हेतू मागे पडतो. सेवाभावी संस्थांची शिबिरे अल्प शुल्कात वा देणग्यांवर चालतात, पण त्यांची संख्या व साधने तोकडी असतात. शहरातील मूल व तुडीलसारख्या गावातील मूल एका पंगतीत बसते का, हाच निवासी शिबिराचे यश मोजण्याचा निकष राहील. ब्राउनसी बेटावरील प्रयोगाचे मर्म तेच होते आणि महाराष्ट्रातील शिबिरपरंपरेचेही मर्म तेच आहे.