जुन्नरच्या डोंगरातील आपली माणसे

माझा जन्म जुन्नर तालुक्यातला. नोकरीही बहुतेक याच तालुक्यात, प्राथमिक शाळेत झाली. आता निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. राज्य शासनाने २०१८ साली जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले, तेव्हापासून बाहेरगावचे पाहुणे वाढले. ओळखीचे कोणी आले की मला विचारतात, "गुरुजी, इथं बघण्यासारखं काय काय आहे?" शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट, माणिकडोहचे धरण, पावसाळ्यातले धबधबे अशी यादी मी सांगतो. पाहुणे फिरून येतात, फोटो काढतात आणि परत जातात. मला मात्र दर वेळी वाटते की यादी सांगितली, पण गोष्ट सांगितलीच नाही. ती गोष्ट येथे सांगायची आहे.

या डोंगरांची पहिली ओळख मला वडिलांकडून झाली. ते वतनाचे काम करीत. गावचा वसूल घेऊन पाटील-तलाठ्याबरोबर जुन्नरला जाणे, सरकारी टपाल पोचविणे, चावडीवर माणसे बोलावणे, गावात मेलेले ढोर ओढून नेणे, ही सारी कामे आमच्या वाट्याची होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनसुधारणेचे विधेयक आणले. प्रत्यक्षात ही वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. तोपर्यंत वडिलांनी तालुक्यातली प्रत्येक पाऊलवाट तुडवलेली होती. कोणत्या खिंडीतून कोणत्या गावी उतरता येते, कोणत्या टाक्यात उन्हाळ्यातही पाणी असते, हे त्यांना तोंडपाठ होते. पण डोंगरातल्या लेण्यांविषयी विचारले की ते म्हणत, "ती पांडवांची घरं. आपलं काय तिथं?"

आजीचेही तेच म्हणणे होते. पुढे शाळेची सहल गेली तेव्हा आमच्या मास्तरांनीही तेच सांगितले. वनवासात असताना भीमाने एका रात्रीत ही लेणी कोरली, कोंबडा आरवला आणि काम अर्धवट राहिले. आम्ही मुलांनी ते खरे मानले. ज्या माणसाने या सर्व वाटा पायाखाली घातल्या त्यालाही डोंगराच्या पोटात आपले काही असेल असे वाटू नये, आणि त्याच्या मुलाला शाळेतही तेच शिकवले जावे, याचा अर्थ मला फार उशिरा कळला. इतिहास जाळूनच नष्ट करावा लागतो असे नाही. कर्त्याचे नाव काढून तिथे दंतकथा बसवली तरी तेच काम होते.

शिक्षणासाठी पुण्यात असताना एका ग्रंथालयात जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली प्रसिद्ध केलेले पश्चिम भारतातील लेण्यांच्या शिलालेखांचे पुस्तक हाती आले. त्यात नाशिक होते, कार्ले होते आणि माझे जुन्नरही होते. पांडवांचा तिथे पत्ता नव्हता. होती ती हाडामांसाची माणसे आणि त्यांची गावे, त्यांचे धंदे, त्यांनी दिलेली दाने.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत कोरीव कामे किती, याची मोजदाद करणारे दोनशेच्या पुढे जातात. तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री हे त्यांचे मुख्य डोंगर. तुळजा लेण्यांत बारा खांबांचे वर्तुळाकार चैत्यगृह आहे. हा जुन्या काळचा नमुना असून असे चैत्यगृह फार थोड्या ठिकाणी आढळते. मानमोडीवर भीमाशंकर, अंबिका आणि भूतलिंग असे तीन गट आहेत. ही नावे नंतरची आहेत. भीमाशंकर गटात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे. त्याने पाण्याचे टाके आणि मंडप दान दिला. लेखात ४६ हे वर्ष आहे, ते शकाचे मानल्यास इ. स. १२४ येते. भूतलिंगाच्या दर्शनी भागाचे दान चंद नावाच्या यवनाचे आहे. इरिल आणि चित या आणखी दोन यवनांची दानेही जुन्नरच्या लेखांत नोंदलेली आहेत. एकाने पाण्याची टाकी दिली, दुसऱ्याने संघासाठी भोजनमंडप दिला. समुद्रापलीकडून आलेला माणूस येथे संघाच्या जेवणाची सोय करतो आणि त्याचे नाव दगडावर राहते. माझ्या लहानपणी आमच्या गावात देवळाच्या पंगतीत आमचे पान वेगळे, उकिरड्याच्या बाजूला मांडत. हे दोन भोजनप्रसंग मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले तेव्हा मला झोप आली नाही.

पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते धंदेवाल्यांचे लेख. जुन्नरच्या एका लेखात धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखात वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याचा उल्लेख आहे. वेळूकाम करणारे म्हणजे आजच्या भाषेत बुरूड.

ही ठेव म्हणजे काय, हे नाशिकच्या लेखावरून नीट समजते. नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापणे ठेवली. व्याज दरमहा दरशेकडा एक. म्हणजे महिन्याला वीस आणि वर्षाला दोनशे चाळीस कार्षापणे. त्यातून वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा द्यायची. हिशेब तंतोतंत जुळतो. मुद्दल कायम राहायचे, खर्च करायचे ते फक्त व्याज. ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालावी अशी देणाऱ्याची अपेक्षा आहे. राजाचा जावई हा पैसा विणकरांकडे ठेवतो, याचा अर्थ विणकरांची संघटना टिकणारी आहे, तिची पत आहे, तिचा शब्द चालतो, अशी त्या समाजाची खात्री होती. जुन्नरच्या बुरुडांचीही पत तशीच होती.

मी शाळेत असताना दरवर्षी सातवीच्या मुलांना लेण्यांवर नेत असे आणि हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवीत असे. एका वर्षी वर्गात एक मुलगी होती. तिची आई सुपे, टोपल्या, दुरड्या विणून आठवड्याच्या बाजारात विकायची. हिशेब पुरा झाल्यावर मुलीने हळूच विचारले, "गुरुजी, म्हंजी आमच्याकडं लोक पैसं ठेवायचं?" मी म्हटले, "होय, ठेवायचे." तेव्हा वर्ग हसला. ती हसली नाही. तो प्रश्न मला अजून सोडत नाही, कारण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे: मग मध्ये असे काय झाले?

काय झाले याचे एका वाक्यात उत्तर देता येणार नाही. पण दोन टोके समोर आहेत. एका टोकाला श्रेणी आहे. तिथे कारागीर दान देतो, ठेव सांभाळतो, आपल्या धंद्याच्या नावाने दगडावर उभा राहतो. दुसऱ्या टोकाला बलुतेदारी आहे. तिथे तोच कारागीर सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचे धान्य मागतो आणि पाटील मापात किती टाकतो याकडे पाहत उभा राहतो. देणाऱ्याचा मागणारा झाला. आणि आमच्यासारख्यांना तर गावकुसाबाहेर उभे केले गेले. बाबासाहेबांनी प्राचीन भारताच्या इतिहासाकडे क्रांती आणि प्रतिक्रांती अशा दृष्टीने पाहिले. त्यांचे ते अपुरे राहिलेले लेखन १९८७ साली शासनाने प्रसिद्ध केलेल्या खंडात आले. जुन्नरच्या डोंगरांत फिरताना त्या मांडणीचा अर्थ पायाखाली लागतो.

मात्र येथे आपणही सावध राहिले पाहिजे. तो काळ समतेचा सुवर्णकाळ होता असे म्हणणे म्हणजे एक दंतकथा काढून दुसरी बसवणे होय. नाणेघाटाचेच उदाहरण घ्या. कोकणातली बंदरे आणि जुन्नर यांना जोडणारा हा व्यापारी मार्ग. लेण्याद्रीचे चैत्यगृह देणारा सुलसदत्त कल्याणचा होता, यावरून या वाटेचे महत्त्व कळते. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत असे लोक सांगतात. जवळच्या गुहेत नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा सातवाहनांचा मोठा लेख आहे. त्यात अश्वमेधासह अनेक यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी आहे. हजारो गाई, घोडे, हत्ती, हजारो कार्षापणे. ती संपत्ती आली कोठून? डोक्यावर ओझे घेऊन हा घाट चढणाऱ्या माणसांची नावे त्या लेखात नाहीत. नाशिकला गौतमीपुत्र सातकर्णीची आई बलश्री बौद्ध भिक्षूंना लेणे देते आणि त्याच लेखात आपल्या मुलाने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला याचा अभिमानाने उल्लेख करते. म्हणजे संघाला दान देणारा हातही वर्णव्यवस्था घट्ट धरून होता. संघर्ष तेव्हाही चालू होता. श्रेणींचे लेख हा त्या संघर्षातला श्रमणाऱ्यांच्या बाजूचा पुरावा आहे. पुराव्याहून जास्त आपण बोलू नये, पण पुराव्याइतके तरी ठणकावून बोललेच पाहिजे.

आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. देणाऱ्यांची नावे पुष्कळ आहेत, छिन्नी चालवणाऱ्यांची मात्र फार थोडी. कोंडाणे लेण्यात कान्हाचा शिष्य बलक याने आपण हे केले असे कोरून ठेवले आहे. कार्ल्याला सामी नावाच्या धेनुकाकटच्या सुताराने आपण दार घडवल्याचे नमूद केले आहे. अशी नावे हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी. बाकीचे हजारो हात निनावी आहेत. आजही रस्त्याकडेला दगड फोडणाऱ्या वडाराचे नाव त्या रस्त्याच्या कोनशिलेवर नसते.

लेण्याद्रीला लोक जातात ते अष्टविनायकाचे दर्शन घ्यायला. गिरिजात्मजाचे ते देऊळ म्हणजे सातव्या क्रमांकाचे लेणे. मूळचा हा विहार. मधल्या प्रशस्त मंडपाभोवती भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या ओळीने आहेत. मागच्या भिंतीतल्या खोल्यांच्या जागी देव आहे. भाविकांच्या श्रद्धेला धक्का द्यावा असे माझे म्हणणे नाही. इतकेच म्हणतो की दर्शन झाल्यावर चार पावले बाजूला यावे, त्या खोल्यांतून डोकावावे, शेजारच्या चैत्यगृहात जाऊन सुलसदत्ताचे नाव पाहावे. शिवनेरीचेही तसेच. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवराय ज्या गडावर जन्मले त्याच्या कड्यातही बौद्ध लेणी आहेत. गडावर जाणाऱ्या शेकड्यातल्या किती जणांना ती दिसतात?

जुन्नरची फेरी नारायणगावला गेल्याशिवाय पुरी होत नाही, असे माझे मत आहे. यात्रांचा हंगाम जवळ आला की तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. हे गाव विठाबाई नारायणगावकरांचे. भाऊ-बापू मांग यांच्या घराण्यातली ही कलावंतीण १९३५ साली जन्मली आणि २००२ साली गेली. राष्ट्रपतींकडून तिचा सन्मान झाला, राज्य शासनाचा पुरस्कार तिच्या नावाने दिला जातो. पण तिचे अखेरचे दिवस ओढाताणीत गेले. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत किल्ले असतात, देवळे असतात, धबधबे असतात. राहुटीत बसून सुपारीची वाट पाहणारी कलावंतीण त्यात क्वचितच असते. लेण्यातल्या निनावी पाथरवटाची आणि तिची जात एक नसेल, पण उपेक्षा एकच आहे.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझी एक विनंती आहे. आपला तालुका पायी फिरा. ब्राह्मी लिपी शिका. मन लावले तर एका उन्हाळी सुट्टीत अक्षरओळख होते. प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारा: हे कोणी घडवले, त्याचे पैसे कोणी दिले आणि येथे कोणाला येऊ दिले नाही? मिळालेले उत्तर लिहून काढा. आपल्या म्हाताऱ्या माणसांना वाटांची, टाक्यांची, वतनाच्या दिवसांची माहिती असते. ती माणसे जाण्याआधी विचारून घ्या. माझ्या वडिलांना मी वेळेवर विचारले नाही. त्यांना ठाऊक असलेल्या वाटांपैकी निम्म्या आता मोडल्या आहेत.

वडील वारले त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना मानमोडीवर घेऊन गेलो होतो. चढताना मीच धापा टाकीत होतो, ते पुढे होते. अयमाच्या लेखासमोर मी त्यांना एकेक अक्षर वाचून दाखवले. शेवटी 'देयधम' हा शब्द आला. मी अर्थ सांगितला, धर्मासाठी दिलेले दान. अयम हा अमात्य, मोठा माणूस. पण हाच शब्द श्रेणींच्या लेखांतही आहे, तोही मी त्यांना सांगितला. ते बराच वेळ दगडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी हितं आपल्यासारखी माणसं देत व्हती."

त्यांनी त्या टाक्यातले पाणी ओंजळीने घेऊन तोंडावर मारले आणि आम्ही खाली उतरलो. त्यानंतर त्यांच्या तोंडी पांडवांची घरे हा शब्द मी कधी ऐकला नाही.