गागोद्याचा विनायक आणि विसर्जनाचा धडा

आजच्या भागाची सुरुवात पेणपासून करूया.

मुंबई-गोवा हायवेने कोकणात जाताना पेण लागतं. एका बाजूला खाडी आणि मिठागरं, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीचे डोंगर. पेण म्हटलं की आपल्याला काय आठवतं? गणपती! पेण, हमरापूर, जोहे, कळवे या भागात गणपतीचे कारखाने वर्षभर चालू असतात. माती मळायची, साच्यात भरायची, हात-पाय जोडायचे, घासून गुळगुळीत करायचं, रंग द्यायचा आणि शेवटी डोळे आखायचे. डोळे आखणारा कारागीर श्वास रोखून बसतो. हात जरा हलला की संपलं.

आणि एवढं सगळं कशासाठी? पाण्यात सोडण्यासाठी.

आपण लहानपणापासून हे बघतो, त्यामुळे त्यात काही विचित्र वाटत नाही. पण याच पेण तालुक्यातल्या एका लहान मुलाला ते विचित्र वाटलं होतं. आज गोष्ट त्या मुलाची आहे. आणि त्या निमित्ताने एका जुन्या प्रश्नाची: अहंकार सोडायचा, असं सगळे संत सांगतात, पण सोडायचा म्हणजे नेमकं करायचं काय?

त्या मुलाचं नाव विनायक. म्हणजे नावातच गणपती! गाव गागोदे. जन्म ११ सप्टेंबर १८९५. तेव्हा हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जायचा, रायगड हे नाव १९८१ साली मिळालं. वडील नरहरपंत भावे बडोद्याला नोकरीला होते. विनायकाचं लहानपण मात्र गागोद्यात आजोबांजवळ गेलं. आई त्याला ‘विन्या’ म्हणायची. पुढे जग त्याला विनोबा भावे म्हणून ओळखू लागलं.

आजोबा शंभुराव भक्तिमार्गातले. घरातली पूजा तासन् तास चालायची. विनोबांनी मोठेपणी सांगितलेली एक आठवण अशी आहे की, गणेशोत्सवात आजोबा चंदनाच्या गंधाचा गणपती करायचे आणि ते चंदन उगाळायचं काम घरातल्या पोरांकडे असायचं. सहाणेवर चंदन उगाळून बघा कधीतरी. हात दुखून येतात आणि हाताशी येतं चमचाभर गंध. त्यातून मूर्ती होईल एवढं उगाळायचं म्हणजे केवढी मेहनत! मग मूर्ती व्हायची, पूजा, आरती, नैवेद्य सगळं साग्रसंगीत व्हायचं. आणि मग एक दिवस तो गणपती पाण्यात.

पोरांना वाईट वाटायचं. साहजिक आहे. ज्याच्यासाठी हात दुखवून घेतले, तो बुडवायचा? पण विनोबांच्या मनात ही गोष्ट कायमची बसली. आधी आवाहन, मग विसर्जन. देवाला बोलवायचं, जीव ओतून त्याची सेवा करायची आणि वेळ झाली की हात सोडून द्यायचा.

आपल्याकडच्या विधीत हे किती बारकाईने बांधलंय बघा. प्राणप्रतिष्ठा झाल्याशिवाय पूजा नाही. आणि उत्तरपूजा झाल्याशिवाय विसर्जन नाही. उत्तरपूजा झाली की मूर्ती जागेवरून थोडीशी हलवतात. बस्स, तेवढंच. घरातली मोठी माणसं ती हलवतात आणि आपल्या पोटात खड्डा पडतो. त्या एका क्षणी ‘माझा गणपती’ माझा राहत नाही.

आता इथून आपण बडोद्याला जाऊया. नऊ-दहा वर्षांचा विनायक गागोदे सोडून आई आणि भावंडांसोबत वडिलांकडे गेला. तिथे शाळा, मग कॉलेज. गणितात हुशार, चालण्याचं वेड, वाचनाचं त्याहून जास्त. आणि हा मुलगा कविता करायचा. एकेका कवितेवर तासन् तास, कधी कधी दिवसच्या दिवस घालवायचा. शब्द बदलायचा, पुन्हा लिहायचा. आणि कविता मनासारखी झाली की चुलीत टाकायचा!

नीट लक्ष द्या हं. कविता फसली म्हणून टाकली, असं नाही. जमली म्हणून टाकली. एकदा आईने बघितलं आणि विचारलं, काय जाळतोस? कविता, म्हणाला. आई म्हणाली, अरे, मी तर वाचल्याच नाहीत! तेव्हापासून झालेली कविता आधी आईला वाचून दाखवायची आणि मग अग्नीला द्यायची, असा क्रम ठरला. पुढे काशीला गेल्यावर चूल नव्हती, गंगा होती. मग कविता गंगेत.

काशीला तो गेला त्याचीही गोष्ट आहे. १९१६ चा मार्च महिना. इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला जायचं होतं. त्याआधी चुलीपाशी बसून त्याने शाळा-कॉलेजची सर्टिफिकेटं पेटवून दिली. आई म्हणाली, राहू देत की, ठेवायला काय होतंय? त्याचं उत्तर साधं होतं: नोकरी करायचीच नाही, तर ठेवायची कशाला? मग गाडीत बसला खरा, पण वाटेत सुरतला उतरला आणि थेट काशीची गाडी धरली. वय २० वर्षं. डोक्यात दोनच वाटा, हिमालयात जाऊन ब्रह्मज्ञान मिळवायचं, नाहीतर बंगालमधल्या क्रांतिकारकांना जाऊन मिळायचं. प्रत्यक्षात पोचला तिसरीकडेच. गांधीजींचं काशीतलं भाषण वाचलं, पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ ला अहमदाबादच्या कोचरब आश्रमात तो गांधीजींसमोर उभा होता.

आश्रमात हा मुलगा काय करत होता? भाजी चिरणं, दळण, झाडलोट, मैला साफ करणं, सूतकताई. ब्रह्मज्ञान शोधायला निघालेल्या माणसाला हातात झाडू मिळाला आणि तो त्याने आनंदाने घेतला.

विनोबांबद्दलची एक आठवण खूप ठिकाणी सांगितली जाते. जमनालाल बजाज यांचे चिरंजीव कमलनयन विनोबांजवळ शिकायचे. एकदा विनोबांना पत्र आलं. त्यांनी वाचलं आणि फाडून टाकलं. कमलनयनने कुतूहलाने तुकडे जुळवले, तर पत्र गांधीजींचं, आणि त्यात विनोबांचं भरभरून कौतुक! त्याने विचारलं, असं पत्र फाडतं का कोणी? विनोबांच्या उत्तराचा आशय असा, की लिहिलंय ते खोटं असेल तर ठेवून उपयोग नाही. आणि खरं असेल तर ठेवून माझा अहंकार तेवढा वाढेल. मग ठेवायचं कशाला?

आपल्यापैकी प्रत्येकाच्या फोनमध्ये असा एखादा स्क्रीनशॉट आहे. सरांनी केलेलं कौतुक, बॉसचा मेसेज, कोणीतरी टाकलेली छान कॉमेंट. वाईट दिवशी आपण तो उघडून बघतो. यात पाप काही नाही, मीही बघतो. पण ती गोष्ट ऐकल्यापासून बघताना थोडा चपापतो.

बरं, आता एक शंका. सर्टिफिकेट जाळणं, पत्र फाडणं, यातही अहंकार असू शकतो ना? ‘बघा, मी किती विरक्त!’ नक्कीच असू शकतो. त्यागाचा अहंकार हा सगळ्यात चिवट, कारण तो बाहेरून नम्रतेसारखाच दिसतो. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगितली आहेत. त्यात पहिलाच शब्द आहे अमानित्व, म्हणजे मान मिळावा अशी इच्छा नसणं. ज्ञानेश्वर महाराजांनीही या एका शब्दावर सविस्तर निरूपण केलंय. यादीच्या सुरुवातीलाच तो शब्द यावा, यावरून कळतं की काम किती अवघड आहे.

मग विनोबांचा त्याग खरा होता की देखावा, हे ओळखायचं कसं? मला एक खूण दिसते. त्यांनी सगळंच जाळलं नाही. आईला संस्कृत येत नव्हतं. गीता आपल्याला समजेल अशा मराठीत हवी, अशी तिची इच्छा होती. आई १९१८ मध्ये गेली. पुढे १९३० च्या ऑक्टोबरपासून १९३१ च्या फेब्रुवारीपर्यंत विनोबांनी गीतेचा मराठीत समश्लोकी अनुवाद केला आणि नाव ठेवलं ‘गीताई’. ती गीताई त्यांनी चुलीत टाकली नाही. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते, तेव्हा ती छापून आली. त्याच तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि ती कोणी लिहून घेतली? साने गुरुजींनी! म्हणून ती आज आपल्याला वाचता येतात.

म्हणजे हिशेब असा दिसतो: जे स्वतःच्या आनंदासाठी होतं, ते जाऊ दिलं. जे आईसाठी, लोकांसाठी होतं, ते सांभाळलं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९४० साली गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांना निवडलं. दुसरे होते नेहरू. देशातल्या बहुतेक लोकांचा प्रश्न होता, हे विनोबा कोण? गांधीजींना लेख लिहून त्यांची ओळख करून द्यावी लागली. २४ वर्षं काम करून माणूस इतका अनोळखी!

मग आलं भूदान. १८ एप्रिल १९५१, तेलंगणातलं पोचमपल्ली. तिथल्या दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी नावाच्या गावकऱ्याने १०० एकर देऊ केली. तिथून १३ वर्षांहून जास्त काळ विनोबा देशभर चालत राहिले. जमिनीवरचं ‘माझं’ सोडा, एवढंच सांगत. विचार करा, कोकणात एका आंब्याच्या झाडावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात. आणि हा गागोद्याचा माणूस अनोळखी गावात जाऊन म्हणत होता, मला तुमचा मुलगा समजा आणि माझ्या वाट्याची जमीन गरिबाला द्या. एकूण ४० लाख एकरांहून जास्त जमिनीचं दान जाहीर झालं.

आता गोष्टीतला अवघड भाग. नोव्हेंबर १९५६, तमिळनाडूतलं पळणी. चळवळ जोरात होती. १९५७ पर्यंत ५ कोटी एकरांचं लक्ष्य होतं. आणि तिथे निर्णय झाला की भूदान समित्या विसर्जित करायच्या आणि गांधी निधीचे पैसे घेणंही थांबवायचं. शब्द बघा, विसर्जित! विनोबांचं म्हणणं होतं की काम समितीवर आणि पैशावर टेकलं तर ते लोकांचं राहत नाही. स्वतः उभी केलेली संघटना ऐन भरात मोडायला केवढं धैर्य लागतं!

पण परिणाम? बऱ्याच ठिकाणी काम मंदावलं. लक्ष्य गाठता आलं नाही. दान मिळालेल्या जमिनीपैकी बरीच नापीक निघाली, बरीच वादात अडकली आणि मोठा हिस्सा भूमिहीनांपर्यंत पोचलाच नाही. सगळा दोष पळणीच्या निर्णयाचा नाही, कागदपत्रं, कायदे, सरकारी दिरंगाई अशी कारणं बरीच आहेत. तरी प्रश्न उरतो. स्वतःची कविता गंगेत सोडली तर नुकसान फक्त स्वतःचं. समिती सोडली तर सातबाऱ्यावर नाव लागायची वाट बघणाऱ्या माणसाचं काय? गीताई जशी सांभाळली, तशी ती यंत्रणाही सांभाळायला हवी होती का? मला वाटतं, हो. उत्तरपूजा व्हायच्या आधीच मूर्ती हलली.

आणखी एक. १९७५ साली आणीबाणीच्या वेळी विनोबांचं वर्षभराचं मौन चालू होतं. ‘अनुशासन पर्व’ हे शब्द त्यांच्या नावाने सरकारने सगळीकडे वापरले आणि त्यांच्यावर जोरदार टीका झाली. अहंकार उतरला म्हणजे माणूस चुकायचा थांबतो, असं नाही. आपण संतांकडे बघताना हे विसरतो. एक तर त्यांना देव करतो, नाहीतर एका चुकीवरून मोडीत काढतो.

नोव्हेंबर १९८२ मध्ये ८७ वर्षांच्या विनोबांनी पवनारच्या आश्रमात आजारपणात अन्न, पाणी आणि औषध घेणं थांबवलं. १५ नोव्हेंबरला, दिवाळीत, ते गेले. पुढच्या वर्षी भारतरत्न जाहीर झालं. तो कागद फाडायला ते नव्हते.

परत पेणला येऊया. तिथल्या कारखान्यात एखाद्या कारागिराला विचारून बघा, एवढी मेहनत पाण्यात जाते, वाईट नाही वाटत? तो हसेल बहुतेक आणि हातातल्या मूर्तीचा डोळा आखत राहील. मूर्तीवर त्याचं नाव नसतं. ती कोणाच्या घरी गेली, हेही त्याला ठाऊक नसतं. पण म्हणून डोळा वाकडा आखून चालत नाही.

अहंकार सोडायचा म्हणजे नेमकं काय, याचं मला सापडलेलं उत्तर इथे आहे. काम असं करायचं की जणू ते कायम राहणार आहे. आणि झालं की त्यावरचा हात काढून घ्यायचा. फक्त हात काढण्याआधी एकदा बघायचं, त्या मूर्तीला टेकून दुसरं कोणी उभं तर नाही ना?

यंदा घरी उत्तरपूजेला मूर्ती हलवतील, तेव्हा फोन खिशात ठेवा आणि तो एक क्षण नुसता बघा. काय वाटलं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या!