नाण्यावर चालणारी खेळयंत्रे : दर व रोख स्वीकार

नाण्यावर चालणारी खेळयंत्रे म्हणजे फटीत ठरावीक नाणे किंवा टोकन टाकल्यावर ठरावीक वेळ अथवा ठरावीक संधींपुरता खेळ सुरू करणारी यंत्रे होत. व्हिडिओ गेम, पिनबॉल आणि खेळणी उचलणारी पंजायंत्रे यांचा त्यांत समावेश होतो. सातारा जिल्ह्यात वाईहून पसरणी घाटाने पाचगणी व महाबळेश्वरकडे जाणाऱ्या पर्यटनपट्ट्यातील गेम पार्लरांमध्ये अशी यंत्रे आढळतात. या यंत्रांवरील दर केवळ मालकाच्या इच्छेवर ठरत नाही. चलनात कोणते नाणे आहे आणि यंत्र ते ओळखू शकते का, यांवरही तो अवलंबून असतो.

नाणे ओळखण्याची यंत्रणा

जुन्या यांत्रिक रचनेत नाण्याचा व्यास, जाडी व वजन तपासले जाते. लोखंडी चकत्या अडवण्यासाठी मार्गात चुंबक बसवलेले असते. इलेक्ट्रॉनिक रचनेत नाणे तारेच्या वेटोळ्यांजवळून जाताना चुंबकीय क्षेत्रात होणारा बदल मोजला जातो. काही प्रकारांत नमुन्याचे एक नाणे कायम बसवलेले असते व आत आलेले नाणे त्याच्याशी ताडून पाहिले जाते. नाणे मान्य झाल्यास मुख्य फलकाकडे विद्युत्स्पंद जातो आणि खेळाची संधी, म्हणजेच ‘क्रेडिट’, जमा होते. अमान्य नाणे खालच्या खाचेतून परत येते.

दरनिश्चिती

जुन्या यंत्रांत डिप स्विच नावाच्या बारीक कळांनी, तर नंतरच्या यंत्रांत पडद्यावरील यादीतून दर ठरवला जातो. एका नाण्याला एक खेळ, दोन नाण्यांना एक खेळ किंवा एका नाण्याला दोन खेळ असे पर्याय सामान्यतः उपलब्ध असतात. त्यामुळे दर थोडाथोडा वाढवता येत नाही. दहा रुपयांच्या एका नाण्यावर चालणारा खेळ महाग करायचा झाल्यास पुढची पायरी दोन नाण्यांची, म्हणजे थेट दुप्पट दराची असते. यावर उपाय म्हणून काही वेळा दर तोच ठेवून खेळाची काठिण्यपातळी वाढवली जाते किंवा संधींची संख्या कमी केली जाते. अशा वेळी फलकावरील दर बदलत नसला तरी खेळणाऱ्याला त्याच पैशांत कमी वेळ मिळतो.

यंत्रातील मापक किती नाणी पडली याची नोंद ठेवतो. यंत्राचा मालक आणि जागेचा मालक वेगळे असल्यास गल्ल्यातील रक्कम या नोंदीशी ताडून ठरलेल्या वाट्याने विभागली जाते.

भारतीय नाणी आणि यंत्रे

अमेरिकेतील २५ सेंटच्या नाण्याचे वजन १९६५ पासून ५.६७ ग्रॅम राहिले आहे. जपानमधील १०० येनचे नाणे १९६७ पासून ४.८ ग्रॅम वजनाचे व २२.६ मिलिमीटर व्यासाचे आहे. या स्थैर्यामुळे त्या देशांत खेळयंत्रे दीर्घकाळ एकाच नाण्यावर चालू शकली.

भारतात तसे घडले नाही. १९९२ पासूनचे एक रुपयाचे पोलादी नाणे २५ मिलिमीटर व्यासाचे व ४.८५ ग्रॅम वजनाचे होते. २०११ च्या मालिकेत हेच व्यास व वजन दोन रुपयांच्या नाण्याला देण्यात आले, तर एक रुपयाचे नाणे सुमारे २२ मिलिमीटर व ३.७९ ग्रॅमचे झाले. परिणामी दोन रुपयांसाठी जुळवलेले यंत्र जुने एक रुपयाचे नाणेही स्वीकारू शकते व मालकाचे निम्मे उत्पन्न बुडते. २०१९ च्या मालिकेत एक रुपयाचे नाणे २० मिलिमीटरचे, तर दोन रुपयांचे २३ मिलिमीटरचे करण्यात आले. ही पोलादी नाणी चुंबकाला चिकटत असल्याने परदेशी यांत्रिक रचनेतील चुंबकही त्यांना अडवतो.

यंत्राने नाकारलेले नाणे चलनातून बाद ठरत नाही. दहा रुपयांच्या नाण्याविषयी संभ्रम पसरला असता, त्या नाण्याचे १४ नमुने वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले होते. २५ पैसे व त्याहून कमी मूल्याची नाणी मात्र ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली.

टोकन, कार्ड व यूपीआय

नाण्यांच्या या अडचणीवर टोकन हा सोपा उपाय ठरतो. खिडकीवर रोख रक्कम भरून टोकने घेतली जातात. यंत्राला एकच आकार ओळखावा लागतो व दर यंत्र न उघडता बदलता येतो. उदाहरणार्थ, १०० रुपयांना १० ऐवजी १२ टोकने दिल्यास एका टोकनाची किंमत सुमारे ८.३३ रुपये पडते. न वापरलेल्या टोकनांचे पैसे परत मिळत नसल्यास त्याचा तोटा ग्राहकाला होतो. शहरांतील मॉलमध्ये टोकनाची जागा आगाऊ रक्कम भरलेल्या कार्डाने घेतली आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयद्वारे पैसे घेणारी उपकरणेही यंत्राला नाण्यासारखाच स्पंद पाठवू शकतात.

वाई परिसर

पाचगणी व महाबळेश्वर येथे उन्हाळी व दिवाळीच्या सुट्यांत गर्दी असते, तर पावसाळ्यात ती ओसरते. वर्षभराचा खर्च मोजक्या महिन्यांत भरून काढावा लागत असल्याने दरांवर हंगामाचा प्रभाव पडतो. वाई तालुक्यात मांढरदेव येथे पौष महिन्यात भरणाऱ्या काळूबाईच्या यात्रेसारख्या जत्रांत पाळणे व खेळांचे पैसे सहसा हातातच घेतले जातात. तेथे दर माणूस ठरवतो, नाणे नव्हे.

कायदेशीर बाबी

महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ मधून केवळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत. त्यामुळे खेळासाठी पैसे घेणारे यंत्र आणि नशिबावर पैसे परत देणारे यंत्र यांतील फरक महत्त्वाचा ठरतो. एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ गेमसाठी परवान्याची अट वैध ठरवली. राज्याचे करमणूक शुल्क १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करात विलीन झाले; स्थानिक स्वराज्य संस्थांनी आकारावयाचा करमणूक कर मात्र त्यातून वगळलेला आहे.