मळीची कुळकथा

मराठी ऊसपट्ट्यात ‘मळी’ हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. गुऱ्हाळात चुलवाणावरच्या काहिलीतला रस तापू लागला की त्यात रानभेंडीचा बुळबुळीत द्राव सोडतात. त्याला चिकटून रसातली घाण फेसाबरोबर वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून बाजूला टाकतो, ती पहिली मळी. साखर कारखान्यात रसाला चुन्याचे दूध आणि गंधकाचा धूर देऊन तो गाळल्यावर जो काळपट, भुसभुशीत गाळ उरतो, त्याला कारखान्यातले लोक प्रेसमड म्हणत असले तरी शेतकरी मळीच म्हणतो. पाकातून साखरेचे दाणे वेगळे काढल्यावर मागे राहणारा काळा, दाट, उग्र वासाचा द्रव, म्हणजे मोलॅसिस, ही तिसरी मळी. शब्दाचे मूळ ‘मळ’ या शब्दात आहे हे उघड आहे आणि तो गुऱ्हाळातून कारखान्यात गेला असावा असे मानायला जागा आहे, कारण गुऱ्हाळ कारखान्यापेक्षा कितीतरी जुने आहे. या तिन्ही वस्तूंची घडण निराळी असली तरी साखर किंवा गूळ होता होता जे मागे पडले ते, एवढे नाते त्यांच्यात आहे. काकवीला हे नाव कधीच लागले नाही, कारण ती मुद्दाम राखलेली, भाकरीबरोबर खायची वस्तू आहे. आज पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचे भारतातले कूळ या तिसऱ्या मळीपाशी सुरू होते.

एक टन ऊस गाळला तर साधारण चाळीस ते पंचेचाळीस किलो मळी निघते. वारंवार उकळूनही दाणा न धरणारी बरीच साखर तिच्यात शिल्लक असते आणि साखरेच्या धंद्याला निरुपयोगी ठरलेली हीच साखर यीस्ट या सूक्ष्म बुरशीचे अन्न होते. पाणी घालून पातळ केलेल्या मळीत यीस्ट सोडले की टाकीत खदखद सुरू होते, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे फुटत राहतात, टाकी तापते म्हणून तिला थंड पाण्याचे वेढे द्यावे लागतात, आणि दीड-एक दिवसाने हाती येते ते आठ-दहा टक्के मद्यार्काचे आंबट पाणी. ते उकळून, वाफ धरून थंड करण्याच्या क्रियेला ऊर्ध्वपातन म्हणतात. मात्र कितीही वेळा ऊर्ध्वपातन केले तरी मद्यार्काचे प्रमाण वजनाने 95.6 टक्क्यांच्या वर जात नाही, कारण त्या टप्प्यावर पाणी आणि मद्यार्क एकाच तापमानाला मिळून उकळतात. पिण्याच्या दारूला हे पाणी चालते. पेट्रोलमध्ये ते वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. 1902 साली सिडनी यंग या रसायनज्ञाने बेन्झीनच्या मदतीने ही शेवटची चिकाटी मोडून काढली. पुढे झिओलाइट या खनिजाची ‘आण्विक चाळणी’ आली. तिची छिद्रे इतकी बारीक असतात की पाण्याचे रेणू आत शिरून अडकतात आणि मद्यार्काचे थोराड रेणू बाहेरच राहतात. एक टन मळीतून असा सव्वादोनशे लिटरच्या आसपास निर्जल मद्यार्क मिळतो.

मद्यार्क जाळून यंत्र चालवण्याची कल्पना पेट्रोलपंपांपेक्षा पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेत सॅम्युएल मोरे याने 1826 मध्येच मद्यार्क आणि टर्पेंटाइन यांच्या मिश्रणावर इंजिन चालवून पाहिले होते. त्याच देशात यादवी युद्धाच्या खर्चासाठी 1862 मध्ये मद्यार्कावर बसवलेला कर 1906 पर्यंत उठला नाही आणि तेवढ्या अवधीत खनिज तेलाने बाजार काबीज केला. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात डीझेलचे एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. म्हणजे शेतातले इंधन मागे पडले ते इंजिनाला मानवले नाही म्हणून नव्हे. कर, किंमत आणि दारूशी असलेली सोयरीक या तीन गोष्टींनी त्याला मागे ठेवले, आणि भारतातही हेच तिघे पुन्हा भेटतात.

भारतात हा प्रश्न उभा राहिला तो इंधनाच्या गरजेतून नव्हे, तर मळीच्या ढिगातून. 1932 साली सरकारने आयात साखरेवर जकात लावून देशी साखरेला संरक्षण दिले, आणि तोवर तीसेक असलेल्या गिरण्या पाच-सहा वर्षांत शंभराच्या बऱ्याच पुढे गेल्या. सासवडच्या माळी शेतकऱ्यांचा माळीनगरचा कारखाना याच लाटेतला. साखर विकली गेली. मळीचे काय करायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते. ती खड्ड्यात साचली, कुजली, नदी-ओढ्यांत गेली. तिचे रस्ते करून पाहण्याचेही प्रयोग झाले. संयुक्त प्रांताने 1940 मध्ये ‘पॉवर अल्कोहोल’चा कायदा केला आणि स्वातंत्र्यानंतर लगेच, 1948 मध्ये, साऱ्या देशासाठी इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट आला. या कायद्याने 99.5 टक्के शुद्धतेच्या मद्यार्काला इंधनाचा दर्जा दिला आणि तो पेट्रोलमध्ये मिसळण्याची सक्ती करण्याचा अधिकार सरकारला दिला. इथेनॉल मिश्रण ही एकविसाव्या शतकाची कल्पना आहे असे मानणाऱ्यांनी हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कायदा झाला, इंधन मात्र झाले नाही. पिण्यासाठी किंवा रसायनांसाठी मद्यार्क विकणे पेट्रोलमध्ये ओतण्यापेक्षा केव्हाही किफायतशीर होते, आणि मळीवर केंद्राचे नियंत्रण, तर मद्यार्कावर राज्याच्या उत्पादन शुल्क विभागाचे. मुंबई राज्यात 1949 पासून दारूबंदीचा कायदा, त्यामुळे मद्यार्काचा प्रत्येक थेंब संशयित. तो दारू आहे की कारखान्याचा कच्चा माल, हा वाद राज्ये आणि केंद्र यांच्यात इतका चिघळला की सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 2024 मध्ये त्यावर निकाल दिला, तोही एकमताने नाही. 1961 पासून मळीचे दर आणि वाटप सरकार ठरवत असे. हे नियंत्रण 1993 मध्ये उठले. 1948 चा तो कायदा 2000 साली कालबाह्य म्हणून रद्द झाला. मधल्या काळात ब्राझीलने तेलाच्या भडक्यानंतर आणि साखरेचे भाव कोसळल्यावर 1975 मध्ये ‘प्रोआल्कूल’ योजना हाती घेऊन मोटारी उसाच्या मद्यार्कावर चालवून दाखवल्या होत्या.

कायदा रद्द झाल्यावर वर्षभरातच तीच कल्पना नव्या नावाने परतली, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. 2001 मध्ये प्रायोगिक मिश्रणासाठी निवडलेल्या तीन ठिकाणांपैकी मिरज आणि मनमाड ही दोन महाराष्ट्रातली होती. जानेवारी 2003 पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. पण 2002 च्या पावसाळ्यात सांगली भागातल्या उसावर लोकरी मावा पडला होता, त्यात दुष्काळाची भर पडली आणि ऊस घटताच मळी घटली. उपपदार्थाच्या भरवशावर इंधन उभे करण्यातली अडचण इथे उघडी पडली: उपपदार्थ मूळ पदार्थाच्या मागे मागे चालतो, मोटारींच्या गरजेमागे नाही. 2013-14 मध्ये मिश्रण दीड टक्क्याच्या आसपासच होते.

ही अडचण सुटली ती ‘मळी’ या शब्दाचाच अर्थ बदलून. कारखान्यात पाकातून साखर तीन टप्प्यांत काढतात. तिसऱ्या टप्प्यानंतर उरते ती सी-हेवी, खरीखुरी शेवटची मळी; दुसऱ्यानंतर थांबले तर बी-हेवी, जिच्यात विकता येण्याजोगी साखर हेतुतः सोडलेली असते. 2018 पासून बी-हेवीच्या इथेनॉलला वेगळा, चढा दर मिळू लागला, नंतर थेट उसाच्या रसालाही, आणि 2024-25 मध्ये सी-हेवी, बी-हेवी आणि रस यांच्या इथेनॉलचे दर अनुक्रमे 57.97, 60.73 आणि 65.61 रुपये लिटर होते. साखरेला नाकारलेल्या मळाची जागा आता इंधनासाठी राखलेल्या साखरेने घेतली. 2022 च्या जूनमध्ये देश दहा टक्क्यांवर पोचला तो या चढत्या दरांच्या बळावर, आणि 2025 मध्ये तो वीस टक्क्यांवर गेला. लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांश असल्याने अशा मिश्रणात सहा-सात टक्के कमी उष्णता असते, आणि गाडीचे ॲव्हरेज घटल्याची तक्रार यातूनच येते. डिसेंबर 2023 मध्ये साखर कमी पडेल या धास्तीने सरकारने रसापासून इथेनॉल करायला अचानक बंदी घातली, तेव्हा कारखान्यांनी नव्याने उभारलेल्या अर्कशाळा अडचणीत आल्या. थोड्याच दिवसांत बंदी काहीशी सैल झाली. पण त्या हंगामात इथेनॉलचा कच्चा माल म्हणून मक्याने आघाडी घेतली, आणि मका निर्यात करणारा देश 2024 मध्ये तो आयात करू लागला. शेतातल्या टाकाऊचे इंधन म्हणून सुरू झालेली ही गोष्ट अशी कोंबड्यांच्या खाद्यापाशी येऊन अडली.

टाकाऊचा धागा मात्र तुटलेला नाही. पानिपतला 2022 मध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प सुरू झाला. त्याचे तंत्र पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे असून वर्षाला दोन लाख टन पेंढ्यातून तीन कोटी लिटर इथेनॉल काढण्याची त्याची योजना आहे. पेंढ्यातली साखर सेल्युलोजच्या लांब साखळ्यांत जखडलेली असते, म्हणून आधी पेंढा वाफेने व आम्लाने फोडून मग विकरांनी या साखळ्या तोडाव्या लागतात, आणि खर्च तिथेच वाढतो. उसाच्या चिपाडाबाबतही हे करता येईल. पण चिपाड हे कारखान्याच्या बॉयलरचे आधीपासूनचे जळण आहे, ते मळीसारखे निराधार कधीच नव्हते.

अर्कशाळेची स्वतःची मळीही आहेच. एक लिटर मद्यार्कामागे आठ ते पंधरा लिटर तांबडेकाळे सांडपाणी निघते. वर्तमानपत्रांत ज्याला ‘मळीमिश्रित पाणी’ म्हणतात आणि जे नदीत मिसळले की मासे मरून काठाला लागतात, ते हेच. आता ते आटवून जाळावे लागते किंवा त्यापासून वायू करावा लागतो. अलीकडे दुसऱ्या मळीपासूनही, म्हणजे प्रेसमडपासून, बंद टाक्यांत वायू काढणे सुरू झाले असून तो शुद्ध करून, दाबून वाहनांत भरला जातो. मागे उरणारा गाळ ट्रॉलीत भरून शेतावर जातो, जसा गाळपाचा हंगाम संपल्यावर पूर्वीपासून जात आला आहे.