कँडिडाजन्य रोगांचा इतिहास

कँडिडा ही यीस्टसदृश कवकांची (बुरशीच्या वर्गातील सजीवांची) एक प्रजाती आहे. तिच्यातील काही जाती माणसाच्या शरीरात निसर्गतः वास करतात व विशिष्ट परिस्थितीत रोगकारक बनतात. अशा संसर्गांना कँडिडाजन्य रोग म्हणतात. यांपैकी कँडिडा अल्बिकन्स ही जाती सर्वांत परिचित होय. अनेक निरोगी व्यक्तींच्या तोंडात, आतड्यांत व स्त्रियांच्या योनिमार्गात ती कोणताही उपद्रव न देता असते. तिची कोशिका अंडाकृती, साधारणपणे ३ ते ६ मायक्रॉन (१ मायक्रॉन = मिमी. चा हजारावा भाग) व्यासाची असून तिची वाढ मुकुलनाने म्हणजे अंकुर फुटून होते. शरीराचा प्रतिकार दुबळा झाला की, हीच कोशिका लांब तंतूंचे रूप घेते व श्लेष्मकलेत (शरीरातील पोकळ्यांच्या आतील नाजूक अस्तरात) शिरते. या तंतुरूपातून बाहेर पडणारे ‘कँडिडालायसीन’ हे विषारी पेप्टाइड २०१६ साली ओळखण्यात आले.

प्राचीन निरीक्षणे व नामकरण : अशक्त रुग्णांच्या तोंडात पडणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यांचा उल्लेख ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझ यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथांत आढळतो. तान्ह्या मुलांच्या जिभेवर व गालांच्या आतील बाजूस दह्याच्या कवडीसारखा थर बसतो, हेही सर्वत्र परिचित होते. तथापि तो दुधाचा किंवा शरीरातील दूषित द्रवांचा परिणाम मानला जाई. १८३९ साली जर्मन शल्यचिकित्सक बी. लांगेनबेक यांना प्रलापक ज्वराच्या (टायफसच्या) एका रुग्णाच्या तोंडातील थरात कवक आढळले. ते त्या ज्वराचेच कारण असावे असा त्यांचा समज झाला. निरीक्षण अचूक परंतु निष्कर्ष चुकीचा, असे या शोधाचे स्वरूप होते. त्यानंतरच्या काही वर्षांत स्वीडनमध्ये एफ्. टी. बर्ग व पॅरिसमध्ये डी. ग्रूबी यांनी मुखातील थर आणि कवक यांचा संबंध प्रस्थापित केला. १८४९ मध्ये जे. एस्. विल्किन्सन यांनी योनिमार्गातील संसर्गाचे वर्णन केले.

१८५३ साली फ्रेंच शास्त्रज्ञ सी. पी. रोबँ यांनी या कवकास ‘ओइडियम अल्बिकन्स’ हे नाव दिले. १८९० मध्ये डब्ल्यू. झॉप्फ यांनी त्याचा समावेश ‘मोनिलिया’ प्रजातीत केला व त्यामुळे वैद्यकात ‘मोनिलियासिस’ हा शब्द रूढ झाला. परंतु मोनिलिया हे नाव फळे व झाडे यांवर वाढणाऱ्या वेगळ्या कवकांनाही लावले जात होते. हा गोंधळ दूर करण्यासाठी डच संशोधिका क्रिस्टिन बेर्कहौट यांनी १९२३ साली आपल्या प्रबंधात ‘कँडिडा’ ही स्वतंत्र प्रजाती मांडली. ‘कँडिडा’ व ‘अल्बिकन्स’ या दोन्ही लॅटिन शब्दांत पांढरेपणाचाच अर्थ आहे. १९५४ साली पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिविज्ञान परिषदेने या नावास मान्यता दिली.

प्रतिजैव पदार्थांचे युग : दुसऱ्या महायुद्धापर्यंत हा रोग मुख्यत्वे तान्ही मुले, वृद्ध, मधुमेही व दीर्घकाळ आजारी असलेल्या व्यक्ती यांच्यापुरता मर्यादित होता. पेनिसिलीन व त्यानंतरची बहुव्यापी प्रतिजैवे प्रचारात आल्यावर परिस्थिती बदलली. आतड्यांत व श्लेष्मकलेवर राहणारे सूक्ष्मजंतू यीस्टच्या वाढीस एरवी आळा घालतात. प्रतिजैवांमुळे रोगजंतूंबरोबर हे सूक्ष्मजंतूही नष्ट होतात. यीस्टवर या औषधांचा परिणाम होत नसल्याने मोकळ्या झालेल्या जागेत ते झपाट्याने वाढते. एका रोगावरील उपायाने दुसऱ्या रोगास वाट करून दिल्याचे हे उदाहरण होय.

यावर पहिले प्रभावी औषध अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळांतील एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राउन यांनी शोधून काढले. हेझन न्यूयॉर्क शहरात मातीतील सूक्ष्मजीवांचे संवर्ध तयार करीत व ब्राउन ऑल्बनी येथे त्यांतील द्रव्ये वेगळी करीत. दोघींमधील नमुन्यांची देवाणघेवाण टपालाने होई. १९५० साली जाहीर झालेल्या या द्रव्यास न्यूयॉर्क राज्यावरून ‘निस्टॅटिन’ हे नाव मिळाले. पुढे व्हेनेझुएलातील मातीत सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसीझ नोडोसस या सूक्ष्मजीवापासून ॲम्फोटेरिसीन-बी मिळविण्यात आले. ही दोन्ही पॉलिईन गटातील औषधे आहेत. कवकाच्या कोशिकापटलातील अर्गोस्टेरॉल या द्रव्याशी त्यांचा संयोग होऊन पटलास छिद्रे पडतात व कोशिकेतील द्रव्ये बाहेर झिरपतात. मानवी कोशिकापटलातील कोलेस्टेरॉलाची संरचना अर्गोस्टेरॉलाशी मिळतीजुळती असल्याने ॲम्फोटेरिसीन-बी चे अनिष्ट परिणाम, विशेषतः वृक्कांवर (मूत्रपिंडांवर), होतात.

पिंपरी येथील संशोधन : पुण्याजवळ पिंपरी येथे भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली ‘हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स लि.’ ही कंपनी स्थापन केली. १९५५ पासून तेथे पेनिसिलिनाचे उत्पादन होऊ लागले. कारखान्याला जोडून असलेल्या संशोधन विभागात मृदेतील सूक्ष्मजीवांचा पद्धतशीर शोध घेण्यात येत असे. या विभागातील कवकशास्त्रज्ञ एम्. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी १९६१ साली ‘हॅमायसीन’ हे कवकरोधी प्रतिजैव प्रसिद्ध केले. औषधाच्या नावातील आरंभीची अक्षरे कंपनीच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आली आहेत, तर ते निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवाच्या ‘स्ट्रेप्टोमायसीझ पिंप्रिना’ या नावात पिंपरी हे ग्रामनाम कायम झाले आहे.

हॅमायसीन हेही पॉलिईन गटातील असून कँडिडासह अनेक रोगकारक कवकांवर परिणामकारक ठरले. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतही ब्लास्टोमायकोसिससारख्या शरीरांतर्गत कवकरोगांवर ते तोंडावाटे देऊन पाहण्यात आले. शरीरांतर्गत रोगांत ॲम्फोटेरिसीन-बी चे स्थान मात्र त्यास मिळाले नाही. भारतात तोंड, योनिमार्ग व कान यांतील संसर्गांवर बाहेरून लावण्यासाठी त्याचा उपयोग करण्यात आला. ज्या कारखान्याने देशाला पेनिसिलीन पुरविले, त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेतून प्रतिजैवांच्या वापरामागून येणाऱ्या कवकसंसर्गावरील औषधही निघाले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

नंतरची औषधे व नवीन आव्हाने : १९७० च्या सुमारास क्लोट्रिमॅझोल व १९९० च्या सुमारास फ्लुकोनॅझोल ही ॲझोल गटातील औषधे उपलब्ध झाल्यावर उपचार सुलभ झाले. त्याच काळात रोग्यांचा नवा वर्गही निर्माण झाला. १९८१ साली अमेरिकेत एड्सच्या ज्या पहिल्या पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली, त्या सर्वांना कँडिडाचा संसर्ग होता. कर्करोगावरील औषधे, अवयव-रोपण, अतिदक्षता विभागातील दीर्घ वास्तव्य व शिरेत ठेवलेल्या नळ्या यांमुळे यीस्ट रक्तात शिरण्याचे प्रमाण वाढले. भारतातील अतिदक्षता विभागांत अशा रक्तसंसर्गांत अल्बिकन्सपेक्षा कँडिडा ट्रॉपिकॅलिस ही जाती अधिक आढळते.

२००९ साली जपानमध्ये एका वृद्ध स्त्रीच्या कानातील स्रावातून ‘कँडिडा ऑरिस’ या जातीचे प्रथम वर्णन झाले. २०१३ मध्ये दिल्लीतील रुग्णालयांत तिच्यामुळे झालेल्या रक्तसंसर्गांची नोंद प्रसिद्ध झाली. ही जाती फ्लुकोनॅझोलास बहुधा दाद देत नाही, रुग्णालयातील पृष्ठभागांवर दीर्घकाळ टिकते व एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पसरते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या रोगकारक कवकांच्या सूचीत ऑरिस व अल्बिकन्स या दोन्ही जातींचा समावेश सर्वाधिक महत्त्वाच्या गटात आहे.

ग्रामीण भागातील निदान : विदर्भात वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था हे ग्रामीण भागासाठीचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. समुद्रपूरसारख्या शेतीप्रधान तालुक्यांना प्रगत उपचारासाठी अशाच केंद्रांचा आधार असतो. तथापि अल्बिकन्सची ओळख पटविण्यास महाग साधने लागत नाहीत. संशयित यीस्ट रक्तरसात ३७° से. तापमानास दोन ते तीन तास ठेवल्यास त्याच्या कोशिकांतून अंकुरनलिका फुटतात व त्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. या चाचणीने अल्बिकन्स ओळखता येते. ऑरिसची निश्चिती मात्र तिने होत नाही व त्यासाठी प्रगत प्रयोगशाळेकडे नमुना पाठवावा लागतो. म्हणून तोंडातील पांढरा थर पुनःपुन्हा उद्भवत असल्यास मधुमेह व प्रतिकारशक्तीचा ऱ्हास यांची तपासणी करणे आणि प्रतिजैवे आवश्यक तेव्हाच व योग्य मात्रेत वापरणे इष्ट ठरते. कँडिडा शरीरातून कायमचे नाहीसे करणे हे उपचाराचे उद्दिष्ट नसते. त्याला आवर घालणारा शरीरातील समतोल पुन्हा प्रस्थापित करणे हेच उपचाराचे मुख्य सूत्र होय.