चेताऱ्हासी विकारांच्या प्राणिप्रारूपांतील मेंदू-प्रतिमांकन

अल्झायमर, कंपवात, हंटिंग्टन यांसारख्या विकारांची लक्षणे प्रयोगासाठी ज्या प्राण्यांत निर्माण केलेली असतात, त्यांच्या जिवंत मेंदूचे शस्त्रक्रियेविना चित्रण करण्याच्या तंत्रांना मेंदू-प्रतिमांकन म्हणतात. पूर्वी प्राणी मारून मेंदूचे काप तपासावे लागत. एका प्राण्यापासून एकाच दिवसाची नोंद मिळे. प्रतिमांकनामुळे तोच उंदीर रोगापूर्वी, रोग वाढताना व औषधोपचारानंतर पुन्हापुन्हा पाहता येतो. प्राणीही कमी लागतात, ही बाब गौण नव्हे.

पद्धती

एमआरआयने मेंदूची रचना व आकारमानातील घट दिसते. उंदराच्या मेंदूचे वजन अर्धा ग्रॅमही नसते. म्हणून रुग्णालयांतील १.५ वा ३ टेस्लाऐवजी ७ टेस्ला किंवा अधिक क्षमतेची चुंबके वापरतात.

पेट तंत्रात किरणोत्सारी द्रव्य टोचून त्याचा मेंदूतील साठा मोजतात. एमपीटीपी या रसायनाने कंपवात निर्माण केलेल्या माकडांत डोपामिनवाहक चेतातंतूंचा ऱ्हास असा मोजता येतो. फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटे, तर कार्बन-११ चा केवळ २० मिनिटे असल्याने सायक्लोट्रॉन जवळ असणे सोयीचे ठरते. भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले. त्याचा मुख्य उपयोग मात्र मानवी रुग्णांसाठी आहे.

मर्यादा

प्रारूप आणि प्रत्यक्ष रोग यांतील अंतर पिट्सबर्ग कंपाउंड-बी या द्रव्याच्या उदाहरणातून स्पष्ट होते. अल्झायमरच्या रुग्णांत या द्रव्याने अमिलॉइड प्रथिनाचे साठे दिसतात, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. मानवी जनुक घातलेल्या उंदरांच्या मेंदूतही अमिलॉइड भरपूर होते; तरीही २००५ मधील अभ्यासात द्रव्य तेथे जवळजवळ चिकटलेच नाही. या उंदरांतील अमिलॉइडवर द्रव्याला घट्ट धरून ठेवणारी स्थाने फार थोडी होती. पुढे २००७ मध्ये अतितीव्र किरणोत्सारी क्रियाशीलतेचे द्रव्य वापरून काही जातींच्या उंदरांत ते दिसू शकले. ‘चित्रात दिसले नाही’ याचा अर्थ ‘मेंदूत नाही’ असा घेणे म्हणूनच चुकीचे ठरते.

भूल ही दुसरी अडचण आहे. उंदीर स्थिर राहावा म्हणून सामान्यतः आयसोफ्लुरेन देतात. त्याने मेंदूतील रक्तप्रवाह व ग्लुकोजचा वापर बदलतो. परिणामी मोजलेला फरक रोगाचा की भुलीचा, हे ठरवण्यासाठी तीच भूल दिलेल्या निरोगी उंदरांशी तुलना करावी लागते.